गच्चीवरचा स्टोव्ह

आमच्या घरात स्टोव्ह नाही. होता, तो १९८६ साली गेला. आईने तो भंगारवाल्याला पैसेही न घेता देऊन टाकला, एवढेच मला आठवते. मी तेव्हा सहा वर्षांची होते. त्यानंतर गॅस येईपर्यंतची तीन वर्षे आमचा स्वयंपाक चुलीवर आणि भुशाच्या शेगडीवर झाला. पंपाचा स्टोव्ह तर नाहीच, पण वातीचा ‘नूतन’सुद्धा आईने उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत लेकीने “आपण रांगण्याला जाऊ, दोन रात्री राहू आणि स्वतः शिजवून खाऊ” असा बेत मांडला, तेव्हा मला चढाची काळजी वाटली नाही, स्टोव्हची वाटली.

बेत तसा साधाच होता. मी, अकरावीतली लेक आणि आमच्या कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या माझ्या एक सहकारी. बेळगावहून निपाणी, गारगोटी, पाटगाव करत भटवाडीला जायचे आणि तिथून चिक्केवाडीमार्गे जंगलातून रांगणा गाठायचा. विद्यार्थ्यांना घेऊन मी पूर्वी अनेक किल्ले पाहिले आहेत. प्रत्येक वेळी तीन दगडांची चूल मांडली, आजूबाजूच्या काटक्या गोळा केल्या आणि धुराने डोळे चोळत पिठले केले. त्यात मजा होती हे खरे. पण आता ते मनाला पटत नाही. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने ट्रेकला गेलेल्या तरुण मुलामुलींचे जीव घेतले. वणवा कसा लागला हा प्रश्न वेगळा, पण वाळलेल्या गवतातून आग माणसापेक्षा वेगाने धावते हे त्या बातमीने मला शिकवले. आपल्या सह्याद्रीतही दिवाळीनंतर गवत वाळायलाच लागते. तेव्हा चूल नको, हे माझे मी ठरवले होते.

मग शोध सुरू झाला. सहकारी मॅडमच्या माळ्यावर त्यांच्या वडिलांचा पितळी पंपाचा स्टोव्ह होता. गॅसचा छोटा डबा आणि त्यावर फिरवून बसवायचा बर्नर मी विकत आणला. तिसरा स्पिरिटचा, म्हणजे नुसती पितळी वाटी. ती एका माजी विद्यार्थ्याने वापरायला दिली. एका रविवारी दुपारी, आई झोपली आहे असे पाहून, आम्ही तिघी ही सगळी मंडळी गच्चीवर घेऊन गेलो. घरात हे प्रयोग करणे शक्यच नव्हते.

पंपाच्या स्टोव्हबद्दल मला आदर आहे. स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ साली हा स्टोव्ह बनवला, त्याचेच ‘प्रायमस’ झाले. २९ मे १९५३ च्या पहाटे एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर हिलरीचे बूट गोठून लाकडासारखे झाले होते. ते त्याने प्रायमसवर धरून मऊ केले आणि मग तो आणि तेनसिंग वर निघाले. पण तो हट्टी प्राणी आहे. आधी बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा, म्हणजे रॉकेलची वाफ होऊन निळी ज्योत येते. बर्नर नीट तापला नसेल तर वाफेऐवजी कच्चे रॉकेलच वर उडते आणि पिवळा भडका होतो. शिवाय वजन पावणेदोन किलो, तेही रॉकेलाशिवाय. आणि रॉकेल आणायचे कुठून? आमच्या कन्नड शेजारणी ज्याला ‘चिमणी एण्णी’ म्हणतात, ते निळे रॉकेल रेशनच्या दुकानातून जवळपास दिसेनासेच झाले आहे. तो स्टोव्ह आम्ही पेटवलाच नाही. मॅडमनी पदराने पुसून परत पिशवीत ठेवला.

गॅसचा बर्नर माझ्या मुठीत मावतो. वजन शंभर ग्रॅमच्या आतच. २३० ग्रॅम गॅसचा भरलेला डबा सुमारे पावणेचारशे ग्रॅमचा. अर्धा लिटर पाण्याला साडेतीन मिनिटांत उकळी आली. डबा आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर आठ ग्रॅम गॅस गेला होता. दोष म्हणाल तर वारा सोसत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत नुसते ब्यूटेन असेल तर रुसते, कारण शून्य अंशाच्या आसपास त्याची वाफच होत नाही. हिमालयात जाणाऱ्यांनी आयसोब्यूटेन आणि प्रोपेन मिसळलेला डबा घ्यावा, आणि तोही तिकडे पोहोचल्यावर. रेल्वेतून किंवा विमानातून तो नेता येत नाही.

लेकीचे मन मात्र स्पिरिटच्या वाटीवर बसले होते. पंप नाही, पिन नाही, मोडण्यासारखे काहीच नाही, आवाजसुद्धा नाही. स्पिरिटमध्ये रॉकेलच्या मानाने उष्णता कमी, त्यामुळे वेळ जास्त लागतो. पण दोन रात्रींचा प्रश्न होता, तेवढे ओझे चालण्यासारखे होते. रंगाच्या दुकानात स्पिरिट मागितले तर हातात थिनर ठेवतात, ते मात्र चालत नाही, हे मी खटपट करून शिकले होते.

वाटीत थोडे स्पिरिट घालून आम्ही ते पेटवले. वर पातेले ठेवले. पाच-सहा मिनिटे झाली, पाण्याला नुसते बुडबुडे. लेकीने पातेले बाजूला घेतले, वाकून पाहिले आणि म्हणाली, “विझलं वाटतं.” मलाही तसेच वाटले. दुपारचे ऊन होते, वाटीत काही दिसत नव्हते. तिने स्पिरिटची बाटली उघडून हात पुढे केला.

“हात मागं घे!”

आई जिन्याच्या दारात उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार झालेली बाई. तिने तीन ढांगांत येऊन नातीचे मनगट धरले. मग डोक्यावरचा पदर काढून वाटीवर सावली धरली. सावलीत निळी ज्योत स्पष्ट दिसली. ती विझलेली नव्हतीच.

स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही आणि जळत्या वाटीत स्पिरिट ओतले तर ज्योत धारेवरून बाटलीत शिरते, हे मी वाचलेले होते. वाचलेले होते, एवढेच. माझी लेक नायलॉनचा टी-शर्ट घालून बसली होती.

आम्ही वाटीवर झाकण घातले. कोणी काही बोलेना. शेवटी आईच टाकीच्या कडेला टेकली आणि मावशीबद्दल बोलू लागली. आजवर ती हे माझ्याशीसुद्धा बोललेली नव्हती. धाकटी मावशी, बावीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षे झालेली. पंचनाम्यात ‘स्टोव्ह भडकून’ असे लिहिले गेले. अंगावर नायलॉनची साडी होती, ती वितळून कातडीला चिकटली होती. आई दवाखान्यात पोहोचली तेव्हा मावशी बोलत होती, पण सासरची माणसे खाटेभोवती उभी होती, त्यामुळे ती काय बोलली असती आणि काय बोलली याचा मेळ आईला अजून लागलेला नाही.

“स्टोव्ह खरंच भडकत होते गं, पुष्कळ ठिकाणी,” आई लेकीला म्हणाली. “पण तो नेमका सुनेलाच कसा ओळखायचा, ते मला कधी कळलं नाही.”

मी तिची मुलगी, चाळीस वर्षे तिच्याजवळ राहिलेली. आई स्टोव्हला घाबरते, असेच मी समजत आले. ती स्टोव्हवर रागावली होती. माणसांवर रागावून त्या वेळी काही होण्यासारखे नव्हते. पुरावा नव्हता, आजोबांना आणखी दोन मुलींची लग्ने करायची होती. मग तिने वस्तूवर राग धरला आणि ती वस्तू घराबाहेर काढली.

जाऊ नका, असे ती म्हणेल असे मला वाटले. ती गॅसच्या बर्नरकडे बोट दाखवून म्हणाली, “हा पेटव बघू.” लेकीने पेटवला. बंद केला. पुन्हा पेटवला. आईने ज्योत पाहिली, बंद करायची चावी कुठे आहे ते पाहिले, आणि “हाच न्या” म्हणाली. पेटवणाऱ्याने सुती कपडे घालायचे, ओढणी नाही, केस बांधलेले, आणि दिवसातून दोनदाच पेटवायचा, अशा तिच्या अटी होत्या. सहकारी मॅडमनी त्यात दोन घातल्या: वारा अडवायला डब्याभोवती पत्रा गुंडाळायचा नाही, डबा तापून फुटू शकतो, आणि तंबूच्या आत पेटवायचा नाही, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वासही नसतो.

दिवसातून दोनदाच जाळ, म्हणजे जेवण त्या हिशेबाने ठरवायचे. इथे आईच आमची गुरू निघाली. स्टोव्ह नसलेल्या तीन वर्षांत कमी जाळात शिजवण्याची तिला सवय लागली होती, ती आम्ही तिची चिकटी समजत होतो. दुसऱ्या दिवशी तिने मला रविवार पेठेत पिटाळले. ज्वारीची कडक भाकरी चोवीस, शेंगदाण्याची चटणी, गूळ, चिरमुरे. घरी तिने रवा भाजून त्यात फोडणी आणि वाळवलेला कढीपत्ता घालून ठेवला, उकळत्या पाण्यात टाकून झाकले की उपमा. मेतकूट केले. तंबिटाचे लाडू केले. मूगडाळ भाजून भरडली, तांदूळही भरडले. त्या खिचडीला उकळी आणून पाच मिनिटे ठेवायची, मग जाळ बंद करून पातेले टॉवेलात आणि चादरीत गुंडाळून अर्धा तास विसरून जायचे. “भुसा संपत आला की आम्ही भाताचं पातेलं गोधडीत ठेवायचो,” ती म्हणाली. तिघींचा तीन दिवसांचा कोरडा शिधा साडेचार किलोच्या आत बसला. पूर्वी मी एका मुक्कामासाठी कांदे-बटाटेच तेवढे वाहून नेत असे.

ही युक्ती सर्वत्र चालेल असे नाही. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते. संदकफूला, ३,६३६ मीटरवर, ते साधारण ८८ अंशांनाच उकळते आणि साधी तूरडाळ तिथे तासभर दगडासारखी राहते. तिकडे कुकर तरी हवा नाहीतर डाळीचा नाद सोडून शेवया-रवा बरा. सह्याद्रीच्या उंचीला ही अडचण नाही.

रांगण्याबद्दल फार लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. वर वारा भणाण होता. रांगणाईच्या देवळाजवळ भिंतीच्या आडोशाला दगडी फरशीवर आम्ही बर्नर मांडला, जवळपासचे गवत हाताने बाजूला केले आणि दोन हात अंतरावर पिशव्यांची आडभिंत उभी केली. लेकीने केस बांधले, बाह्या वर केल्या आणि पेटवला. खिचडी पहिल्या रात्री थोडी टणटणीत राहिली, दुसऱ्या रात्री मऊ झाली. पहिल्या रात्री आम्हाला अर्धा तास थांबवले नव्हते. कडक भाकरी मात्र तिसऱ्या दिवशीही तशीच कुरकुरीत होती, आणि खरे सांगायचे तर सगळ्यात चवदार जेवण तेच झाले, ज्याला स्टोव्ह लागलाच नाही.

परतताना पाटगावात रेंज आली तेव्हा आईचा फोन लगेच लागला. कशा आहात, दमलात का, हे काही तिने विचारले नाही.

“कोण पेटवत होतं?”

“मीच, आजी,” लेक म्हणाली.

घरी आल्यावर डबा काट्यावर ठेवला. बासष्ट ग्रॅम गॅस गेला होता. आईने चष्मा लावून तो आकडा स्वतः वाचला आणि “एवढाच?” म्हणाली. उरलेला डबा सध्या गच्चीच्या जिन्याखाली, सावलीत, पत्र्याच्या पेटीत आहे. स्वयंपाकघरात आणायला परवानगी नाही.