आरंभशूराचे अंगण

'आरंभशूर' हा मोठा मार्मिक शब्द आहे. 'आरंभे शूरः' असा त्याचा विग्रह आम्ही पस्तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. परंतु त्याचे मूर्तिमंत उदाहरण हाती खडू घेऊन विद्यार्थ्यांपुढेच उभे आहे, हे मात्र आमच्या कधी ध्यानात आले नाही. सेवानिवृत्तीनंतर आमच्या घराच्या अंगणाने ते आणून दिले.

आमचे चिमूर गाव १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे इतिहासास आणि बालाजीच्या घोडायात्रेमुळे भाविकांस परिचित आहे. ताडोबाचे अरण्य येथून दूर नाही. अशा ठिकाणी घरामागे मोठी सांदवाडी, तीत विहीर, गोठा आणि चार फळझाडे असली म्हणजे कामास तोटा नसतो. आम्हीही कामास तोटा पडू दिला नाही. एक संपण्यापूर्वीच दुसरे आरंभिले. कुंपण तीन बाजूंनी झाले, चौथी उघडी. फाटकाचे खांब उभे, फाटक नाही. गोठ्याची अर्धी कवेलू फेरलेली, अर्धी वानरांच्या स्वाधीन. "अहो, तीन बाजूंना कुंपण घालून चौथी सोडली, म्हणजे जनावरांना वाट दाखवून दिल्यासारखेच झाले की!" असे आमच्या कुटुंबाचे मत होते. त्यावर आम्ही हसत असू. हसण्याने काम पुढे ढकलता येते, हा आमचा जुना अनुभव.

या सर्वांत थोरली उणीव विहिरीची होती. वडिलांच्या काळी तिच्यावर मोट चाले. मोट ओढावयाची तर एक बाजू मोकळी ठेवणे भागच. म्हणून कठडा तीन बाजूंनीच बांधलेला. पुढे मोट गेली, बैल गेले, विजेचा पंप आला. कारण नाहीसे झाले, पण मोकळीक तशीच राहिली. वडील गेल्यावर हा अपुरा कठडा आम्हांस वारशाने मिळाला. तेथे आम्ही दोन फळ्या आडव्या टाकल्या, आणि 'यंदा दिवाळीनंतर' असे म्हणत कित्येक दिवाळ्या घालविल्या.

गतवर्षी वैशाखात, सायंकाळी दिवे गेले असता, आमच्या पाच वर्षांच्या नातीचा चेंडू त्या फळ्यांखालून घरंगळला. मुलगी चेंडूमागे गेली. एक फळी वाळवीने पोखरलेली होती. तिच्यावर हात पडताच ती मोडली. धाकट्या भावजयीने धावत जाऊन पोरीस फ्रॉकला धरून मागे ओढले. चेंडू तेवढा पाण्यात पडला. त्याचा तो आवाज आम्ही ओसरीवरून ऐकला. घरात कोणी आम्हांस एक शब्द बोलले नाही. त्या रात्री अन्न गोड लागले नाही.

भर्तृहरीने माणसांच्या तीन प्रती सांगितल्या आहेत: विघ्नाच्या भयाने आरंभच न करणारे, विघ्न येताच थांबणारे आणि शेवटास नेणारे. आम्ही मधल्यांतही बसत नाही, असे त्या रात्री वाटले. कारण आमच्यावर विघ्न असे कोणते आलेच नव्हते. उत्तरापर्यंत न पोहोचलेल्या गणितास आम्ही उदारपणे निम्मे गुण देत असू. कठड्यास निम्मे गुण देता येत नाहीत. तीन बाजूंचा कठडा चौथ्या बाजूस विहीरच असतो.

दुसऱ्या दिवसापासून एकच नियम केला: हातचे पुरे झाल्यावाचून दुसरे हाती घ्यावयाचे नाही. वैशाखात पाणी खाली गेलेले असते. म्हणून प्रथम गाळ काढविला. माणूस उतरण्यापूर्वी पेटता कंदील खाली सोडून पाहिला. तो विझल्यास कोणी उतरू नये. न विझल्यासही उतरणाऱ्याच्या कमरेस दोर हवाच. मग गवंड्याने चौथी बाजू बांधून काढली. सिमेंट वाळून घट्ट होते असा पुष्कळांचा समज आहे. खरे म्हणजे ते पाणी धरूनच घट्ट होते. आमच्याकडील उन्हात तर ताजे काम पाण्यावाचून तडकतेच. म्हणून कठड्यावर गोणपाट टाकून ते दहा दिवस ओले ठेवले. बंधू, भावजय, मुले, सुना, सर्वांनी पाळ्या लावून घेतल्या. तोंडावर लोखंडी जाळी बसविली. गाळासाठी तीत दार ठेवले व त्यास कुलूप घातले.

त्यानंतर कवेलू. मृगापूर्वी ती फेरली नाहीत, तर पहिलीच सर घरात येते. मग कुंपण. बांबूत साखर व पिष्ठ असते, त्यावर भुंगा तुटून पडतो. म्हणून आमचा बुरड बांबू आधी पाण्यात मुरत ठेवतो. खांबांच्या बुडांस डांबर लाविले. कुंपणालगतची झुडपे छाटून टाकली. वाघ-बिबट्यांच्या मुलखात घराजवळ दाट आडोसा असू नये, हे येथे लहान मुलासही ठाऊक असते. आम्हांसही होते. ठाऊक असणे आणि करणे यांतील अंतर तोडावयास आम्हांस साठी ओलांडावी लागली.

वाचकहो, कर्ज ठेवून मरू नये असे आपण म्हणतो. अर्धे काम हेही कर्जच. फरक इतकाच की, त्याचा दस्तऐवज नसतो आणि ते फेडावयाची वेळ कोणावर, कोणत्या संध्याकाळी येईल, हे कळत नाही. वडिलांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या काळी ती बाजू मोकळी असावयासच हवी होती. कारण सरल्यावर ती बुजविणे हे आमचे काम होते.

मृगाची पहिली सर आली तेव्हा आम्ही ओसरीवर बसलो होतो. गोठा गळत नव्हता. नातीने जाळीतून एक खडा टाकला आणि कान देऊन म्हणाली, "आजोबा, डुबुक वाजलं!" आम्ही समाधानाने अंग टेकणार, तोच आतून आवाज आला, "अहो, फाटकाला अजून कडी नाही!"

आम्ही छत्री घेतली आणि पावसातच लोहाराकडे निघालो.