तीन लघूंची जागा

वैशाखात लग्ने का होतात, याचे उत्तर पंचांगापेक्षा शेतीत आणि शाळेच्या वेळापत्रकात अधिक सापडते. रब्बीचे धान्य घरात आलेले असते, मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कार्तिकापर्यंत मुहूर्तांची वाट अडते. म्हणून पारा चाळिशी ओलांडतो त्या सोलापुरात, ऐन मे महिन्यात, आम्ही आमच्या भाचीचे लग्न उभे केले. 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघे, एकाच विषयाचे अध्यापन करणारे नवराबायको. ताई आमच्यापैकी एकाची थोरली बहीण, दुसरीची नणंद. भाऊजींना जाऊन अकरा वर्षे झाली. तेव्हा मामा-मामींनी कार्य अंगावर घ्यावे, हे न बोलताच ठरले होते.

दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर पाहुणे, दुसऱ्यावर पाण्याचा टँकर, तिसऱ्यावर बर्फ. उन्हाळ्यातल्या लग्नाचे व्याकरण वेगळेच असते. तिथे कर्ता कोणीही असो, कर्म पाणीच. आमरस करावा तर तो दुपारपर्यंत टिकेल का, ही धास्ती. न करावा तर आंब्याच्या दिवसांत जिलेबीवर भागवले, हा बोल. शेवटी आमरस जेवणाच्या तासभर आधी काढायचा, मठ्ठ्याची पिंपे बर्फात ठेवायची आणि मुहूर्त गोरज धरायचा, असे ठरले. सायंकाळी ६ वाजून ५२ मिनिटे. कार्यालयाबाहेर एक गुलमोहर आणि एक बहावा असे शेजारी शेजारी फुललेले होते. हळदीकुंकवाची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे, अशी कोटी आम्ही केली. ती पुढे आमच्याच अंगावर येणार होती.

कापडखरेदीला सारे घर गेले. रंगांच्या नावांसाठी मराठीने किती झाडे, फळे आणि पाखरे कामाला लावली आहेत, हे पाहायचे असेल तर कोशापेक्षा साडीच्या दुकानात बसावे. अबोली, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, पोपटी, लिंबू, मोतिया. मामाने द्यायची पिवळी अष्टपुत्री घेतली, विहीणबाईंसाठी चिंतामणी रंगाचे पातळ निघाले. ताईने सगळ्यांच्या पदराचे रंग दिव्याखाली नेऊन पाहिले आणि स्वतःसाठी राखी साडी बाजूला काढली. "मला हाच बरा. शिवाय डाग दिसत नाहीत." दुकानदाराने घडी घातली. आम्हीही काही बोललो नाही. घाई होती, आणि तिच्या अंगावर राखी-बिस्किटी रंग पाहण्याची डोळ्यांना इतकी सवय झाली होती की त्यात बोलण्याजोगे काही आहे, हेच मुळी जाणवले नाही.

याच सुमारास घरातून फर्मान सुटले की तुम्ही मराठीचे प्राध्यापक, तेव्हा मंगलाष्टके तुम्हीच रचायची. नाही म्हणण्याची सोय नव्हती. शार्दूलविक्रीडित. म स ज स त त ग, एकोणीस अक्षरे, बाराव्यावर यती. वर्गात फळ्यावर गण पाडणे निराळे आणि त्या साच्यात आतेबहिणी-मावसभाऊ बसवणे निराळे! नातलगांच्या नावांनी आमची पुरती दमछाक केली. ताईचे नाव मात्र सोपे निघाले. तिचे खरे नाव येथे देत नाही, सुमन म्हणू. नाव बदलले असले तरी लघू-गुरू तेच ठेवले आहेत. तीन लघू लागोपाठ. शार्दूलविक्रीडितात अशी जागा ओळीत एकदाच येते. जगणाचा शेवटचा लघू आणि त्याला लागून आलेल्या सगणाचे पहिले दोन, म्हणजे नववे, दहावे आणि अकरावे अक्षर. त्यामागून एक गुरू आणि मग यती. आम्ही लिहिले :

कन्येला जपले जिने सुमन ती बैसे पुढे मंडपी

ओळ वृत्तात चोख बसली आणि आम्ही खूश झालो. भाची शेजारीच होती. तिने ओळ दोनदा वाचली आणि विचारले, "मामा, पण आई पुढे बसणार आहे का?"

नव्हती. वहीत 'पुण्याहवाचन व कन्यादान' यापुढे आमची दोघांची नावे होती. कोणी सुचवले, कधी ठरले, आठवेना. विधवा आईच्या जागी मामा-मामींनी बसायचे, ही रीत इतकी मुरलेली की तिला निर्णयाचीही गरज पडली नव्हती. आणि आम्ही कोण? बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे, विधवांच्या स्थितीचे निरूपण करणारे, हे दर वर्षी सांगणारे. ताराबाई शिंदे यांच्या १८८२ च्या 'स्त्रीपुरुष तुलने'वर टिपणे काढून देणारे. 'पण लक्षात कोण घेतो!' मधल्या यमूच्या केशवपनाच्या प्रसंगी वर्ग निःशब्द होतो, याचा मनातून अभिमान बाळगणारे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले, तेव्हा आम्ही ती बातमी वर्गात वाचून दाखवली होती. चर्चा उत्तम झाली होती. घरी येऊन आम्ही वहीत स्वतःची नावे घातली.

भाचीचे म्हणणे सरळ होते. 'दान' हा शब्द तिला मुळातच पटत नव्हता. पण दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांसाठी विधी व्हायचाच असेल, तर आईच बसेल. गुरुजींना विचारले. त्यांनी हरकत तर घेतली नाहीच, उलट याज्ञवल्क्यस्मृतीकडे बोट दाखवले. कन्या कोणी द्यावी याची यादी तिथे आहे. पिता, पितामह, भ्राता, सकुल्य आणि सरतेशेवटी जननी. शेवटी का होईना, आई आहे. वराकडच्यांना कळवले, तर विहीणबाई म्हणाल्या, "आम्ही तेच धरून चाललो होतो." म्हणजे शास्त्राची आडकाठी नव्हती, व्याह्यांची नव्हती. आडकाठी घरातच, आमच्या वहीत होती.

आणि ताईच्या मनात. आम्ही स्मृतीचा आधार घेऊन तिच्याकडे गेलो. ती कैऱ्या किसत होती. तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमचं पुस्तकातलं खरं असेल. पण उद्या हिच्या संसारात काही उणं-अधिक झालं, तर लोक काय म्हणतील ते सोड, मी स्वतःला काय सांगू?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. सुधारणेच्या वाङ्मयात रूढीचा दुष्टपणा पुष्कळ आहे, पण रूढी आईच्या काळजीच्या रूपाने समोर येते तेव्हा तिच्याशी वाद कसा घालावा, हे आम्ही कधी शिकवले नव्हते, आणि शिकलोही नव्हतो. उत्तर भाचीने दिले. ती जरा कठोरच बोलली. "आई, तुझं कन्यादान आजी-आजोबांनी जोडीनं केलं ना? घाण्याला पाच सवाष्णी होत्या ना? सगळे शकुन पाळले होते ना?" पुढचे तिने बोलून दाखवले नाही. किसणीचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. त्या रात्री कोणी विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पिशवी घेऊन निघाली. "साडी बदलून आणावी लागेल." भाचीचा हट्ट डाळिंबीचा होता. ताईने आमसुली घेतली. राखीपासून आमसुलीपर्यंत. बाहेरच्याला हा दोन ताग्यांतला फरक वाटेल. तो चालायला तिला अकरा वर्षे लागली होती.

लग्न लग्नांसारखेच झाले. घाणा भरताना मुसळांना बांधलेली आंब्याची पाने उन्हाने दुपारीच मलूल झाली, टँकर दीड तास उशिरा आला, आमरस मात्र टिकला. मुंडावळ्या घामाने कपाळाला चिकटल्या. अक्षता इतक्या गडद रंगल्या होत्या की साऱ्यांचे तळवे लाल झाले. आमची ओळ ध्वनिवर्धकाच्या खरखरीत आणि बाहेरच्या बँडच्या आवाजात फारशी कोणाला ऐकू गेली नसावी. म्हणणाऱ्या मावशींनी यती मात्र नीट सांभाळली. नावापाशी आल्या, 'ती'वर थांबल्या, श्वास घेतला. ताई पहिल्या रांगेत, पाटाजवळ होती. तिने मान वर केली. पुढे कन्यादानाला तीच बसली. पाण्याची झारी आमच्यापैकी एकीने धरली. ओंजळ ताईची होती. तिचे हात थरथरत होते. पण पाणी सांडले नाही.

येथे लेख संपवता आला असता. वर्गात असा शेवट आम्हाला आवडतो. परंतु पंधरा दिवसांनी फोटोंचा अल्बम आला. पानांमागून पाने रंगांची. कार्यालयाच्या दारातले एक छायाचित्र आहे. ओळीने उभ्या पाचजणी, हातात हळदीकुंकवाची कुयरी, अत्तरदाणी, गुलाबदाणी. येणाऱ्या प्रत्येकीला कुंकू लावले जात आहे. त्यांच्यामागे खांबाआड आमसुली पदराची कड तेवढी दिसते. ताईला तेथून कोणी उठवले नव्हते, आणि कोणी बोलावलेही नव्हते.

आम्ही वही काढून पाहिली. 'स्वागत' या पानावर पाच नावे होती. पाचही सवाष्णी. ते पान कन्यादानाचा निर्णय झाल्यानंतरचे होते, आणि अक्षर आमचेच होते.

अल्बम पाहून ताई एवढेच म्हणाली, "रंग छान आलेत सगळ्यांचे." जूनमध्ये महाविद्यालय उघडेल. हरिभाऊंची यमू पुन्हा शिकवायची आहे. या वेळी टिपणांच्या वहीबरोबर ही वहीदेखील वर्गात न्यावी, असे आमच्या मनात आहे.