झांजीबारची सिती

झांजीबारच्या अरुंद बोळांतून हिंडताना संत जोसेफच्या जोडमनोऱ्यांखालीच आम्हांस मशिदीची बांग ऐकू आली. गोव्याची कितीतरी कुटुंबे पूर्वी येथे पोटासाठी आली. येथील 'ताराब' गायनही असेच मिश्र: उद, कानून ही अरबी वाद्ये, सोबत युरोपचे व्हायोलिन.

ते अरबीऐवजी स्वाहिलीत गाऊन सामान्यांच्या दारी नेले सिती बिंती सादने. सुमारे १८८० साली फुंबा गावी ती जन्मली; नाव ठेवले 'म्तुम्वा', म्हणजे दास! मडकी विकणारी ही निरक्षर मुसलमान स्त्री १९२८ साली ध्वनिमुद्रणासाठी थेट आपल्या मुंबईस गेली. बायकांवरील अन्यायही तिने निर्भयपणे गाइला. 'सिती', अर्थात बाईसाहेब, हे नाव तिला मिळाले ते गळ्याच्या बळावर. १९५० साली ती वारली.