एचएमटीचा ट्रॅक्टर

घरात एचएमटीच्या दोन वस्तू होत्या: आजोबांच्या मनगटावरचं घड्याळ आणि गोठ्याशेजारचा पंचवीस अश्वशक्तीचा २५११. म्हातारी बॅटरी थंडीत मान टाकायची, म्हणून अण्णा तो रात्री उतारावरच लावत. सकाळी आम्ही पोरं ढकलायचो. सायलेन्सरवरचा डालड्याचा डबा काढायचा मान धाकट्याचा. मडगार्डवर बसून नांगरट बघणं म्हणजे चैन! मागे काळी ढेकळं उलटायची, बगळे किडे टिपत यायचे. डिझेलचा तो वास मला अजून आवडतो, हसा खुशाल.

हे ट्रॅक्टर १९७१पासून पिंजोरला, चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने बनू लागले, हे फार उशिरा कळलं. २०१६ साली सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरवलं. आमचा अजून उभा आहे. विकायचं म्हटलं की अण्णा विषय बदलतात. भंगारवाल्याला चहा मात्र पाजतात.