राजाबद्दलचा खुलासा

वर्तमानपत्रात चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर कोपऱ्यात चार ओळींचा खुलासा येतो. तो कुणी वाचत नाही, हे आम्हा पत्रकारांनाही माहीत असतं. ही पोस्ट तसाच एक खुलासा आहे, फक्त तो मी कोपऱ्यात छापणार नाही.

मागच्या वर्षी जुलैमध्ये मी इथेच आमच्या राजाबद्दल लिहिलं होतं. "कुत्रा सुधारला, कारण मालक सुधारला" असं काहीसं शीर्षक होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते आवडल्याचं कळवलं, दोघा-तिघांनी फोन करून 'टेक्निक' विचारलं. मीही मोठ्या उत्साहात सांगितलं. त्या सगळ्यांना आज सांगतो, मी चुकीचं सांगितलं होतं.

राजा गावठी कुत्रा. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गारखेड्यात आमच्या गल्लीत स्कूटरखाली भिजत बसलेलं पिल्लू मुलीनं घरात आणलं आणि ते राहिलं. स्वभावानं गरीब, पण एक खोड होती. जेवणाच्या भांड्याजवळ कुणी गेलं की गुरगुरायचा. चावला कधीच नाही. पण बायको म्हणायची, "घरात लहान पोरं येतात-जातात, याचं काहीतरी करा."

मग मी यूट्यूबवर बसलो. तिथे सीझर मिलान भेटला. मेक्सिकोत जन्मलेला, अमेरिकेत नाव कमावलेला माणूस. नॅशनल जिओग्राफिकवर २००४ ते २०१२ त्याचा 'डॉग व्हिस्परर' कार्यक्रम चालला. त्याचं म्हणणं असं की मालकानं शांत पण ठाम राहायचं. कुत्र्याला वाटलं पाहिजे की इथला म्होरक्या हा आहे. छाती पुढे, आवाज खाली, तोंडानं 'च्च' असा आवाज, गरज पडली तर मानेजवळ बोटांचा टोचा, आणि फारच झालं तर कुत्र्याला आडवं करून धरून ठेवायचं. कार्यक्रमात सूचना असायची की तज्ज्ञाला विचारल्याशिवाय हे घरी करू नका. ती सूचना मी सिगारेटच्या पाकिटावरच्या सूचनेसारखी वाचली.

महिनाभर मी हे केलं. राजा गुरगुरला की 'च्च', तरी गुरगुरला की खाली दाबायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो कान मागे पाडून, नजर वळवून गप्प बसायला लागला. महिन्यात गुरगुरणं बंद झालं. मला वाटलं, जमलं. पोस्ट टाकली. शेजारच्या वहिनींनाही सांगितलं, "पोराला बिनधास्त येऊ द्या, आता तो काही करत नाही."

दिवाळी आली. फटाक्यांनी राजा चार दिवस पलंगाखाली होता, धड जेवलाही नव्हता. पाडव्याला शेजारचा सात वर्षांचा मुलगा फराळाचं ताट घेऊन आला. ताटातली चकली खाली पडली, ती उचलायला तो वाकला. राजा बाहेर आला आणि त्याच्या हाताला चावला. ना गुरगुरला, ना भुंकला.

आमच्याकडे त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, म्हणजे नेहमीचाच दिवस होता. टाकीतल्या पाण्यानं त्या पोराचा हात पंधरा मिनिटं साबण लावून धुतला. एवढं एक ज्ञान बातम्या लिहून लिहून डोक्यात होतं. मग दवाखाना. रक्त आलं होतं म्हणून जखमेभोवतीही इंजेक्शन, आणि दंडावर लसीच्या चार फेऱ्या : पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. राजाचं लसीकरण झालेलं होतं, तरी डॉक्टर म्हणाले की थांबायचं नाही, आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. चारही वेळा त्या पोराला माझ्याच स्कूटरवर नेलं. त्यानं दर वेळी एकच विचारलं, "काका, मी त्याला काही केलं नव्हतं ना?"

त्याच्या वडिलांनी तक्रार दिली नाही. दिली असती तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. पाळलेल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी आजवर 'कुत्र्याच्या चाव्यात बालक जखमी' या मथळ्याच्या किती बातम्या दिल्या, मोजलेल्या नाहीत. या वेळी मथळ्यातला कुत्रा माझा होता. वहिनी फक्त एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच म्हणाला होतात ना, आता तो काही करत नाही?"

त्यानंतर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. लोकांना विचारत फिरलो. आपल्या शहरात कुत्रा पाळणाऱ्या चार माणसांना विचारलं तर पाच मतं मिळतात.

एक पोरगा सकाळी विद्यापीठाच्या रस्त्यावर रॉटवायलर फिरवतो, गळ्यात आवळणारी साखळी. त्याचं म्हणणं, "सर, पन्नास किलोचं जनावर आहे. धाक पाहिजेच." त्याची भीती खोटी नाही. एवढं जनावर रस्त्यात ओढायला लागलं तर प्रेमाची भाषा कामी येईल का, हा त्याचा प्रश्न बरोबरच आहे.

सिडकोतल्या एक वहिनी लॅब्राडोर पाळतात. त्यांचं सगळं खाऊवर चालतं. बस म्हटलं, बसला, की बिस्कीट. ओरडायचं नाही, साखळी ओढायची नाही. कुत्रा आनंदी आहे यात वादच नाही. पण मी गेलो तेव्हा त्यानं उडी मारून माझा चष्मा पाडला आणि वहिनी म्हणाल्या, "लाडात आलाय."

सिल्लेखान्यातला एक मटणवाला राजासाठी नेहमी तुकडे देतो. त्याला सगळं सांगितलं. तो हसून म्हणाला, "भाई, खाने के टाइम उसको छेड़ते कायको? तुम्हारी थाली में कोई हाथ डालेगा तो?" मी महिनाभर व्हिडिओ बघून जे शिकलो नव्हतो, ते हा माणूस सुरा पुसता पुसता बोलून गेला.

आणि आमच्या गल्लीतले काका, पोलिसांच्या श्वान पथकात हँडलर होते. मला वाटलं, हे तरी माझ्या बाजूनं बोलतील. शिस्तीची माणसं! त्यांनी विचारलं, "आमचा कुत्रा बॉम्ब का शोधतो, माहितीय?" मी म्हटलं, ऑर्डर असते म्हणून. "चेंडूसाठी शोधतो. वास सापडला की चेंडू मिळतो. आम्ही ठाम असतो म्हणजे काय, तर नियम रोज तोच ठेवतो. आज सोफ्यावर बस, उद्या बसलास तर लाथ, असं करत नाही. तू जे केलंस तो ठामपणा नव्हता. तू त्याला घाबरवलंस. गुरगुरणं म्हणजे हॉर्न असतो. तू हॉर्नची वायर कापलीस आणि गाडी शांत झाली म्हणून पेढे वाटलेस."

माझी पोस्ट म्हणजे तेच पेढे होते.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की म्होरक्याचा हा सगळा सिद्धांत मुळात कुत्र्यांचा नाहीच, लांडग्यांचा आहे. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकानं १९४७ मध्ये बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं, त्यांच्यात वर्चस्वासाठी मारामाऱ्या होतात. ते लांडगे पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले होते. डेव्हिड मीच या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९७० मध्ये लांडग्यांवर पुस्तक लिहून 'अल्फा' हा शब्द घरोघरी पोहोचवला. मग त्यानंच जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं. कुणी भांडून म्होरक्या होत नाही, पोरं होतात म्हणून आई-बाप होतात. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा, असं तो प्रकाशकाला सांगत राहिला. एवढा मोठा माणूस खुलासा देतो, मग माझं काय जातंय?

अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेनंही २००८ मध्ये वर्चस्वाच्या या पद्धतीविरुद्ध भूमिका मांडली. धाकानं भीती वाढते आणि भ्यालेला प्राणी चावतो, असा त्याचा सारांश.

मिलानचं सगळंच टाकाऊ आहे असं मला वाटत नाही. त्याचा क्रम आहे : आधी व्यायाम, मग शिस्त, मग माया. आपण घेतो फक्त मधलं. दिवसभर गेटला बांधलेला, फिरायला न नेलेला कुत्रा भुंकतो म्हणून त्याला चपलेनं मारणारे मालक प्रत्येक कॉलनीत आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर तो गुन्हा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे एका चहा-पोह्याचा खर्च. मालक शांत असला की कुत्राही निवळतो, हेही मी पाहिलंय. माझा मुद्दा एवढाच, की शांत होणं वेगळं आणि दबून गप्प बसणं वेगळं. दोन्ही लांबून सारखंच दिसतं. आमच्या शाळेतही छडीवाल्या गुरुजींचा वर्ग सगळ्यात शांत असायचा. गणित त्या वर्गात कुणालाच येत नव्हतं.

मागच्या ऑगस्टपासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांवरून आपल्याकडेही भटक्या कुत्र्यांवर जोरदार भांडणं चालू आहेत. कुणी म्हणतं सगळे उचला, कुणी म्हणतं नसबंदी आणि लस करून परत सोडा. ती भांडणं व्हायलाच हवीत. पण त्या गदारोळात आम्ही पाळणारे लोक साळसूद होऊन बसलोय. आमच्याकडे बेल्ट आहे, लसीचं कार्ड आहे, म्हणजे आम्ही जबाबदार. कुत्रा काय सांगतोय हे आम्हाला वाचता येतं का, हे कुणी विचारत नाही. कुत्र्याच्या नोंदणीच्या वेळी हातात एक पान दिलं तरी पुष्कळ होईल : कान मागे, अंग ताठ, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, ओठ चाटतोय, गुरगुरतोय, तर मागे व्हा. हेच पान शाळांत लावलं तर भटक्या कुत्र्यांपासूनही पोरं वाचतील. या मागणीचं निवेदन मी महापालिकेला देणार आहे. कुणाला सही करायची असेल तर कळवा.

राजा अजून घरीच आहे. कॉलनीच्या बैठकीत त्याला सोडून देण्याचा विषय निघाला होता. शेजारच्या भाऊंनीच तो थांबवला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आता तो मागच्या खोलीत दार लावून जेवतो. बाहेरचं पोर घरात आलं की तो आत असतो. आम्ही भांड्याजवळून जाताना लांबून मटणाचा तुकडा टाकतो आणि पुढे निघून जातो, बस.

परवा रात्री अंधारात माझा पाय त्याच्या भांड्याला लागला. राजा गुरगुरला. मी दोन पावलं मागे सरकलो. बायको आतून म्हणाली, "ऐकलं का, बोलला तो." सहा महिन्यांनी त्याचा आवाज ऐकला. बरं वाटलं.

जुलैच्या पोस्टवर ज्यांनी टेक्निक विचारलं होतं, त्यांनी ते लगेच थांबवावं. आणि तुमचा कुत्रा आधी गुरगुरायचा आणि आता 'सुधारलाय' असं वाटत असेल, तर पोरांना अजून त्याच्याजवळ जाऊ देऊ नका.