बोबडे बोल आणि आपला कवर्ग

लहान मूल बोबडे बोलले की आपण सगळेच कौतुक करतो. दोन-अडीच वर्षांपर्यंत ते ठीक आहे. पण चार वर्षांच्या मुलाचे बोलणे बाहेरच्या माणसाला कळेना, तर तपासून घ्यावे, असे मी तिपत हलावमध्ये नर्स असताना आयांना नेहमी सांगत असे.

मग ती वेळ आमच्याच घरी आली. धाकटा नातू 'क'च्या जागी 'त' म्हणायचा. हिब्रूत कोफ म्हणजे माकड आणि तोफ म्हणजे ढोल. हा माकडाला ढोल म्हणायचा नि गानमधली मुले हसायची. हळूहळू तो तिथे बोलेचना. कोणी म्हणाले, जिभेखालचा दोरा कापा. कोणी म्हणाले, आजीने मराठी बंद करावी, दोन भाषांनी पोर गोंधळते.

आधी कान तपासले, कारण पडद्यामागे पाणी साठले तरी बोलणे बिघडते. कान चांगले होते, जीभही मोकळी होती. कुपत होलीमच्या स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, दोन भाषांमुळे हा दोष होत नाही. असला तर दोन्हींत दिसतो. खरेच, मराठीतही तो काकाला 'ताता'च म्हणे!

बाईंनी माकड आणि ढोल अशी दोन चित्रे मांडली. प्रथम त्याने नुसते ऐकून बोट दाखवायचे, नंतर स्वतः मागायचे. माकड हवे असताना 'तोफ' म्हणाला की हातात ढोल! आवाज बदलला की वस्तू बदलते, हे त्याचे त्यालाच उमगले.

मला शाळेतली मुळाक्षरे आठवली. कवर्ग कंठातला, तवर्ग दातांचा. 'क'ला जीभ मागे उचलते, 'त'ला टोक दातांशी जाते. घरी आम्ही काप-ताप, कार-तार खेळू लागलो. टाळ्या वाजवून का-क-डी असे शब्द तोडू लागलो. असे आवाज ओळखण्याचा उपयोग पुढे किता आलेफमध्ये वाचायला शिकताना होतो. काही महिन्यांनी तो गानमध्ये पुन्हा बोलू लागला.

आजी-आजोबांनो, नातवंडांच्या बोबड्या बोलाची नक्कल करू नका, दहादा म्हणूनही घेऊ नका. आपण तोच शब्द नीट म्हणून बोलणे पुढे न्यावे. शंका आली तर थांबू नका, दाखवून घ्या. आणि मराठी मात्र सोडू नका.