गेटवरची भाऊबीज

नसरापूरजवळच्या एका नर्सिंग होममध्ये मी ड्युट्या लावते. नव्या वर्षाचं कालनिर्णय हातात आलं की दिवाळी नंतर, आधी गावोगावच्या जत्रा बघते. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत चैत्र लागला की आज या गावची पालखी, परवा ओढ्यापलीकडच्या गावची. सरकारी यादीत यातली एकही नसते. पण पाहुणे जेवायला येतात ते त्याच दिवशी. पौष पौर्णिमेला मांढरदेवीला जाणाऱ्या आमच्याकडच्या बायका वेगळ्या. आणि पावसात भातलावणी! तो सण नव्हे, तरी ती रजा मी सणाइतकीच धरते. चिखल तयार झाल्यावर लावणी कुणासाठी थांबत नाही.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सणांच्या 8 पगारी सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या 4 मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि बदली सुट्टी. माझा सगळा जीव त्या 4 दिवसांत असतो.

सुरुवातीला मी सगळ्यांसमोर विचारायची, "दिवाळी कुणाला हवी?" जी आधी बोलली तिला मिळायची. वेल्ह्याकडच्या एक मावशी कधीच बोलल्या नाहीत. एकदा जुनी रजिस्टरं चाळताना दिसलं, सलग 3 भाऊबिजा त्या ड्युटीवर. विचारलं तर म्हणाल्या, "भाऊ इथंच येतो की सिस्टर. गेटवर ओवाळते आन् लावून देते."

ते रजिस्टर माझ्याच अक्षरातलं होतं. मला फार लागलं.

तेव्हापासून वही केली, प्रत्येकीला एक पान. प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारते, दिवाळीतला तुझा दिवस कोणता? कुणाला लक्ष्मीपूजन हवं असतं, कुणाला पाडवा, कुणाला फक्त भाऊबीज. जिच्या घरी गौरी बसतात तिला जेवणाचा दिवस मिळतो, जिच्याकडे नसतात ती आनंदाने तिची पाळी घेते. ईदचं चंद्रावर असतं, म्हणून तिथे दोन दिवस मोकळे ठेवते. 14 एप्रिल ज्यांचा, त्यांना तो मागावा लागत नाही.

नाईट करून सकाळी सुटलेल्या बाईचा तो दिवस मी सुट्टीत मोजत नाही, ती झोपते. वेल्ह्याच्या बायकांना सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळचीच पाळी. 2 वाजता सुटल्या तर उजेडात घरी पोचतात. रात्री 8 ला सुटलं की चेलाडीच्या फाट्यावर गाडीची वाट बघत उभं राहायचं.

एकाच दिवसावर दोघी अडल्या तर मागच्या वर्षीचं पान उघडते. गेल्या वेळी जिने सोडला, यंदा तो तिचा.

या भाऊबिजेला मावशी माहेरी जाणार आहेत. त्यांच्या पाळीला मी आहे.